धुरा सरकवला, त्याची कबुली कोणाजवळ द्यायची?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून चौसष्ट वर्षांच्या एका कास्तकार बंधूंनी पाठवलेले पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र वहीच्या सहा पानांचे आहे. नावगाव वगळून त्याचा सारांश त्यांच्याच शब्दांत देतो.

“माझे थोरले भाऊ पंधरा वर्षांपूर्वी वारले. वडिलोपार्जित वावराची वाटणी त्याआधीच झाली होती आणि दोन वावरांच्या मधोमध सहाशे साठ फूट लांबीचा धुरा, म्हणजे बांध, होता. भाऊ गेल्यानंतर दर उन्हाळवाहीला मी नांगराचे एक तास, म्हणजे एक ओळ, वहिनीच्या बाजूने जास्त घेत गेलो. चौदा वर्षांत धुरा सात फूट सरकला. वडिलांनी धुऱ्यावर लावलेली बोर आज माझ्या वावरात उभी आहे. ती तोडायला मी दोनदा कुऱ्हाड घेऊन गेलो आणि दोनदा परत आलो. आई गेल्यावर याच वहिनीने मला हातची भाकर खाऊ घातली होती. जानेवारीत पाळकसाहेबांनी उपासनेत बायबलमधील अनुवाद या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचला. शेजाऱ्याची शीव सरकवणारा शापित, हे वचन आले आणि सारी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. बायकांच्या सतरंजीवर बसलेली वहिनीही म्हणाली. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तेव्हापासून रोज रात्री देवाजवळ पाप कबूल करतो, पण मन हलके होत नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा, पेला समोर आला की तसाच पुढे जाऊ देतो. पाळकसाहेबांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘देवाने तुमची पापे समुद्राच्या तळाशी टाकली आहेत, आता ती उपसू नका.’ घरची म्हणते, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, आता कायले सांगता?’ ओळखीच्या वकिलांच्या मते बारा वर्षे उलटून गेली, भिण्याचे कारण नाही. माझे व्याही कॅथलिक आहेत, ते फादरकडे पापनिवेदन करायला सांगतात. दावीद राजा तर म्हणतो की मी केवळ देवाविरुद्ध पाप केले. मग देवाजवळ कबूल केले ते पुरेसे नाही का? की येत्या कापणीच्या सणाला सर्व मंडळीसमोर साक्ष देऊन मोकळा होऊ?”

बंधू, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिली गोष्ट अशी की, जानेवारीतल्या त्या रविवारी तुमच्या तोंडून ‘आमेन’ निघाले नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. चौदा वर्षे दर उन्हाळ्यात नांगर धरताना जे मन गप्प राहिले, ते त्या दिवशी बोलले. पश्चात्तापाची सुरुवात माणूस स्वतःच्या बळावर करत नाही, अशी आपली शिकवण आहे. तो आधी देवाचा हात असतो आणि मग आपले रडणे. म्हणून गेल्या काही महिन्यांची तुमची बेचैनी हे देवाने तुम्हाला टाकल्याचे लक्षण मानू नका. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद सांगतो की तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडे झिजली आणि अंगातला ओलावा उन्हाळ्याच्या कोरडीसारखा आटला. आपल्याकडचा वैशाख ज्याने अंगावर काढला आहे, त्याला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. देवाजवळची कबुली खरी आहे आणि देवाची क्षमाही खरी आहे. परंतु हे पाप वहिनींच्या वावरात झाले आहे, तेव्हा त्याची कबुली वहिनींच्या ओसरीपर्यंत गेली पाहिजे आणि धुरा आपल्या जुन्या जागी गेला पाहिजे. तुमच्या प्रार्थनेत उणे काही नाही. ती प्रार्थना ज्या वाटेने तुम्हाला पाठवत आहे त्या वाटेवर तुम्ही अजून पाऊल टाकलेले नाही, आणि मन हलके होत नाही ते त्यामुळे.

एकावन्नाव्या स्तोत्रातील ते वचन आपल्या मंडळ्यांमध्ये फार सैलपणे वापरले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. दावीदाने ते शब्द उच्चारले तेव्हा उरीया, ज्याची बायको त्याने घेतली होती तो सैनिक, मेलेला होता. त्याला राब्बाच्या वेढ्यात लढाईच्या ऐन तोंडावर उभे करून दावीदानेच मारवले होते, आणि ज्याच्या दारात जाऊन पाय धरावेत असा माणूस त्याने स्वतःच्या हाताने नाहीसा केला होता. शिवाय नाथान संदेष्टा राजासमोर आला तेव्हा त्याने कोणती गोष्ट सांगितली, ते आठवा. श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट त्याने सांगितली. म्हणजे देवाने दावीदासमोर आधी नाडलेला माणूस उभा केला आणि त्यातून दावीदाला त्याचे पाप दिसले. ‘केवळ तुझ्याविरुद्ध’ या शब्दांचा अर्थ उरीयाचे काही बिघडले नाही असा होत नाही. उरीयाचे जे बिघडवले ते थेट देवाच्या अंगावर गेले, असा होतो. ज्या माणसाला जाऊन सांगता येणार नाही त्याच्याविषयी रडणाऱ्याचे ते स्तोत्र आहे. तुमच्या वहिनी जिवंत आहेत, तुमच्या घरापासून चार घरे पलीकडे राहतात आणि दर रविवारी त्याच छपराखाली प्रार्थना करतात. दावीदाला जे करता आले नाही ते तुम्हाला आज करता येते.

तुमच्या पाळकसाहेबांनी मीखा संदेष्ट्याचे वचन सांगितले, ते खोटे नाही. खचलेल्या माणसाला आधी क्षमेची ग्वाही द्यावी लागते, आणि त्यांनी ती प्रेमाने दिली. परंतु पाप समुद्राच्या तळाशी गेले तरी सात फूट जमीन समुद्रात जात नाही. ती जिथल्या तिथे आहे आणि या पावसाळ्यात तिच्यावर तुमचीच पऱ्हाटी उभी राहणार आहे. माझे हे उत्तर पाळकसाहेबांना अवश्य वाचायला द्या. हिशेबाचा हा भाग तुम्ही त्यांना सांगितला नसावा, असे मला पत्रावरून वाटते. आपण कबुली देतो तेव्हा बहुधा पापाचे नाव सांगतो आणि मोजमाप गाळतो.

शास्त्राने मोजमाप गाळलेले नाही. गणनेच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याने पाप कबूल करावे, पूर्ण भरपाई करावी, तिच्यात पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती ती द्यावी. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात हाच नियम असून, ज्या दिवशी दोषार्पण आणायचे त्याच दिवशी भरपाई द्यायची, असे सांगितले आहे. अर्पण आधी आणि भरपाई सवडीने, असे तिथे चालत नाही. जकातदार जक्कय तर याच्याही पुढे गेला. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात तो निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करतो. यात एक गोष्ट नीट पाहा. येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तो जक्कयाने पैसे परत करण्याआधी. क्षमा त्याने विकत घेतली नाही, घरात आलेल्या पाहुण्यामुळे त्याची मूठ उघडली. तुम्हीही धुरा मागे घ्याल तो देवाने क्षमा करावी म्हणून नव्हे, केली आहे म्हणून. हा फरक मनात पक्का ठेवा, नाहीतर धुरा मागे घेतल्यावरही ‘अजून काही राहिले का’ ही धास्ती रात्री झोपू देणार नाही.

तुम्ही लांबी-रुंदी लिहिली आहे, म्हणून मीही कागदावर हिशेब मांडला. सहाशे साठ फूट लांब आणि सात फूट रुंद म्हणजे ४,६२० चौरस फूट; एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा ही जमीन सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास भरते. ती एकाच वर्षी आलेली नाही. पहिल्या वर्षी अर्धा फूट, दुसऱ्या वर्षी एक फूट, अशी चौदा वर्षांची बेरीज केली, तर तुम्ही वहिनींच्या सुमारे बत्तीस गुंठ्यांचे एका वर्षाचे पीक खाल्ले, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्याकडे कोरडवाहू पऱ्हाटीला एकरी पाच क्विंटल कापूस होत असेल, तर ते चार क्विंटल झाले आणि पाचवा हिस्सा घातला की पावणेपाच क्विंटलच्या वर जाते. पेरणी-डवरणी-वेचणीचा खर्च त्यातून वजा करू नका, कारण तो खर्च करायला वहिनींनी तुम्हाला सांगितले नव्हते. ही रक्कम एकदम जमली नाही तर दोन हंगामांत द्या, पण आकडा आधी स्वतःच्या हाताने लिहा. आकडा लिहिला की पापाला अंगावर घ्यायला आकार येतो. तोवर ते धुक्यासारखे भोवती फिरत राहते.

वकिलांनी सांगितलेली बारा वर्षांची गोष्ट मुदतीच्या १९६३ च्या कायद्यातली आहे. दुसऱ्याची जमीन बारा वर्षे उघडपणे आपल्या कब्जात असेल तर तिच्यावर दावा सांगता येतो, असा तो मुद्दा. न्यायालयात तो कितपत टिकेल हे वकील जाणोत. तुम्ही मात्र त्या आधाराला हात लावू नका. अनुवादाच्या त्याच अध्यायात लेवी लोकांनी मोठ्याने उच्चारायचे जे शाप आहेत त्यांत मूर्ती करणाऱ्याच्या आणि आईबापांना तुच्छ मानणाऱ्याच्या लगेच पुढे शीव सरकवणारा येतो, आणि थोड्याच अंतरावर परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय विपरीत करणारा येतो. तुमच्या बाबतीत ही दोन्ही वचने एकाच वावरात भेटली आहेत. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या तोंडातला ‘आमेन’ नेमका कुठे अडकला होता, ते तुम्हाला दिसावे म्हणून लिहितो.

व्याह्यांच्या सूचनेविषयी. कॅथलिक मंडळीत १२१५ सालच्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून एकदा तरी धर्मगुरूजवळ पापनिवेदन करण्याचा नियम आहे, आणि ऐकलेले पाप धर्मगुरू कोणत्याही कारणाने उघड करू शकत नाही. या गोष्टीचा मला मनापासून आदर आहे. आपल्या प्रॉटेस्टंट घरांमध्ये ‘मध्ये माणूस कशाला’ असे सहज म्हटले जाते, पण प्रॉटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या ल्यूथरनेही पापाची खाजगी कबुली मोडीत काढली नव्हती. त्याच्या १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत तिला जागा आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा, अशी आज्ञाच आहे. म्हणून तुम्ही पाळकसाहेबांजवळ बोललात ते योग्य केले. परंतु व्याह्यांना एक गोष्ट विचारा. चोरलेली वस्तू परत करता येण्यासारखी असेल, तर फादर काय सांगतात? तेही ती परत करायलाच सांगतील, कारण त्यांच्या शिकवणीप्रमाणे पापाची क्षमा झाली तरी पापाने केलेले नुकसान भरून काढणे हे पश्चात्तापी माणसावरच राहते. म्हणजे पाळकाच्या खोलीतून निघा की फादरच्या, वाट वहिनींच्याच दाराशी येते.

सर्व मंडळीसमोर साक्ष देण्याला मात्र माझा विरोध आहे, निदान आत्ता तरी. उघड कबुलीची परंपरा आपल्या मराठी मंडळ्यांत मोठी आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती आली तेव्हा मुली आणि स्त्रिया रडत रडत आपली पापे उघड सांगत होत्या, आणि त्या दिवसांनी अनेकांची आयुष्ये बदलली. पण तुमच्या बाबतीत काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. कापणीचा सण, पुढे भाजीपाला आणि धान्याच्या टोपल्या, मंडळी दाटीने बसलेली, आणि तुम्ही उभे राहून वहिनींच्या वावराची गोष्ट सांगता. वहिनींना ती तिथे पहिल्यांदा कळते. शंभर डोळे त्यांच्याकडे वळतात. त्यांना रडता येणार नाही, रागावता येणार नाही. मान हलवून ‘क्षमा केली’ म्हणण्यावाचून त्यांना तिथे दुसरे काही करता येणार नाही. तुम्ही मोकळे व्हाल आणि त्या अडकतील. ज्या बाईची जमीन तिला न विचारता घेतली, तिची क्षमाही तिला न विचारता घेऊ नका. शिवाय तो सण अजून किती तरी महिने दूर आहे, आणि तोवर थांबायचे म्हणजे आणखी एक पेरणी त्याच सात फुटांवर करायची.

तेव्हा आधी घरी जा. एकटे न जाता पत्नीला सोबत न्या. त्या ‘कायले सांगता’ म्हणतात त्यामागे भीती आहे, आणि ती भीती त्यांनी तुमच्यासोबत उंबरठा ओलांडला तरच सरेल. पुतण्या घरी असेल अशी वेळ धरा, कारण वावर आता तोच वाहतो. आणि तिथे काय बोलायचे, याची तयारी करा. आपल्या भाषेत क्षमा मागण्याचे एक तयार वाक्य आहे: ‘काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला.’ हे वाक्य लग्नघरी पाहुण्यांना निरोप देताना शोभते, धुरा सरकवणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. त्यातल्या ‘असेल तर’ने सारी कबुली पुसून जाते. ‘जाणता-अजाणता’ हा शब्दही नको, कारण तुम्ही जाणूनच केले. ‘वहिनी, भाऊ गेल्यावर मी दर उन्हाळ्यात एक तास तुमच्या वावरात घुसत गेलो. धुरा सात फूट सरकला आहे. तो मी मागे घेतो आणि चौदा वर्षांच्या पिकाचे एवढे पैसे लागतात’, एवढेच बोला. नापिकी, कर्ज, मुलीचे लग्न यांतले एकही कारण सांगू नका. ती कारणे खरी असतील, पण त्या घडीला ती सांगितली की वहिनींवरच तुमची समजूत घालण्याची पाळी येते.

यानंतर त्या काय म्हणतील हे मला सांगता येत नाही आणि तुम्हीही त्याचा अंदाज बांधत बसू नका. पेत्राने सात वेळा क्षमा करू का, असे विचारले आणि प्रभूने सत्तर वेळा सात सांगितले, ते ज्याचा अपराध झाला त्या माणसाला सांगितले होते. अपराध करणाऱ्याने ते वचन दुसऱ्याच्या पुढ्यात टाकायचे नसते. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक गृहस्थ भर दुपारी ज्वारीचे पोते घेऊन आले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्री आमच्या खळ्यातून त्यांनी एक पोते उचलले होते. वडील खाटेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते, त्यांचा हात थांबला. मग पुन्हा कातरू लागले आणि एवढेच म्हणाले, “बरं, ठेव तठी.” ना ‘क्षमा केली’ म्हणाले, ना चहा विचारला. ते गृहस्थ पोते भिंतीशी टेकवून, घाम पुसत निघून गेले. दोन हंगाम वडील त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत वडिलांनी मला हाक मारली आणि त्यांच्या घरी निरोप घेऊन पाठवले की संध्याकाळी वावरात या. त्या दोन वर्षांत वडिलांच्या मनात काय चालले होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. पण जर त्या दुपारीच त्यांच्याकडून क्षमेचे शब्द काढून घेतले असते, तर हुरड्याचे ते बोलावणे आले असते असे मला वाटत नाही. वहिनींनाही तेवढा अवधी द्या. त्या रागावल्या, तर तो राग त्यांचा हक्काचा आहे. पुतण्या गावात बोलला, तर बोलू द्या. त्याने सांगितले त्यात खोटे काय आहे?

मुलाच्या वाट्याची काळजी तुम्ही शेवटच्या पानावर लिहिली आहे. सातबाऱ्यावर तुमच्या नावे जेवढे क्षेत्र आहे तेवढेच तुमचे होते आणि तेवढेच त्याला जाईल. त्यातले एक आरही कमी होत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज स्वतःच्या नावाने द्या, फी तुम्ही भरा आणि मोजणीच्या दिवशी वहिनी व पुतण्या दोघांनाही वावरात बोलवा. सध्या पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत, वावरे मोकळी आहेत आणि धुरा लांबूनही दिसतो. मोजणीला वेळ लागला, तर बोर हीच खूण धरून मृगाआधी स्वतः धुरा मागे घ्या आणि पक्के दगड मोजणीनंतर रोवा. बोर तोडू नका. तिच्या बोरांसाठी दोन्ही घरची पोरे भांडत असत, असे तुम्हीच लिहिले आहे.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. पेला पुढे जाऊ देण्यामागे तुमच्या मनात भय आहे आणि ते भय मला समजते. परंतु मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा आणि मग येऊन अर्पण कर, असे सांगितले आहे; वर्षभर अर्पणच आणू नका, असे सांगितलेले नाही. तेव्हा या शनिवारी संध्याकाळी वहिनींकडे जा. पुढच्या पहिल्या रविवारी छोट्या पेल्यांचा तो ट्रे तुमच्यासमोर येईल तेव्हा वहिनी कदाचित पलीकडच्या सतरंजीवर बसलेल्या असतील आणि तुमच्याकडे पाहणार नाहीत. तरीही त्या दिवशी पेला घ्या.